बाह्यांची गोधडी

आमचे नाना धुळ्याच्या कोर्टात कारकून. घरातही ते माणसाला त्याच्या शब्दात पकडायचे. आईने "भाजी आणा" म्हटलं की मेथी आणायचे, आणि बटाटे हवे होते असं ती म्हणाली की विचारायचे, "तू बटाटे म्हणाली होतीस?" आई मुकाट्याने मेथी निवडायला घ्यायची. ते माझे वडील असूनही मी तर त्यांच्यापुढे तोंड उघडण्याआधी वाक्य मनात घोळवून घ्यायची.

त्या हिवाळ्यात देवपूरच्या आमच्या शाळेतल्या मुली कबड्डीच्या सामन्यांना दिल्लीला निघाल्या, आणि त्यांत मी होते! माझे पाय जमिनीला लागेनात. नाना मात्र चष्मा पुसत बसले. मला लहानपणापासून थंडी बाधायची, छाती भरायची. शेवटी म्हणाले, "अंगावर गरम कपडा असेल तरच जायचं. नसेल तर नाही."

घरात लोकर औषधालाही नव्हती. पण आईचं माहेर चोपड्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. तिकडून उशांसाठी काटेसावरीच्या कापसाचं पोतं आलेलं होतं. आई म्हणाली, "याचंच जाकीट करू." जुन्या पडद्याचं फुलाफुलांचं जाड कापड निघालं. पोतं सोडलं मात्र, सावरी घरभर उडाली. भुवयांवर, वरणात, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णावर. आई शिंकायची, मी हसायची, आणि हसायला तोंड उघडलं की आणखी सावरी आत जायची.

दुहेरी कापडात सावरी भरून डोक्यातून घालायचं जाकीट तयार झालं. मी ते घालून आनंदाने एक उडी मारली, तर सगळी सावरी घसरून पोटाशी आली. शेजारच्या अक्का दारातूनच ओरडल्या, "वं माय, पोरीले कितवा महिना शे?"

सगळी सावरी जागच्या जागी राहावी म्हणून उपायही त्यांनीच सांगितला. "गोधडीसारखे टाके मारा, बठ्ठं जागवर ऱ्हाई."

निघायच्या दिवशी दुपारी जाकीट जमिनीवर पसरलं. अक्का आणि त्यांच्या दोघी सुना आल्या, आई आणि मी होतोच. गोधडीला बसतात तशा आम्ही चहूबाजूंनी बसलो. जिच्यापुढे जे आलं ते तिने शिवायचं. गप्पा रंगल्या, सुया पळाल्या. टाके इतके सुरेख पडले की अक्का त्यांवरून हात फिरवत राहिल्या.

मी घालायला गेले. डोकं आत जाईना. बाहीत हात जाईना. पुढचा भाग मागच्याला शिवलेला, बाह्या आरपार शिवलेल्या! गोधडीला खालीवर सगळं एकत्रच शिवायचं असतं, आणि जन्मभराच्या सवयीने आम्ही तेच केलं होतं. अक्कांनी कपाळावर हात मारला, "आते हाई गोधडीच शे!" आणि आम्ही पोट धरधरून हसलो. एक सून तर भिंतीला टेकून रडायलाच लागली.

मग मीही रडायला लागले, पण खरंखुरं. गाडी संध्याकाळची होती. एवढे टाके उसवून पुन्हा घालायचे कधी? आणि नाना दारात चपला काढत होते.

"कुठाय गरम कपडा?"

आईने तो प्रकार उचलला, माझ्या पाठीवर टाकला आणि दोन्ही बाह्या माझ्या हनुवटीखाली बांधल्या. "हा काय."

"हे जाकीट? अगं, हे अंगात कसं जाणार?"

"तुम्ही अंगावर म्हणाला होतात," आई म्हणाली. "अंगात म्हणाला होतात?"

अक्कांनी तोंडात पदर कोंबला. आईकडे नाना असे बघत होते जणू ही बाई आजच घरात आली आहे. मग कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "मान्य."

एवढं बोलून ते माझ्यापुढे वाकले. आईने मारलेली गाठ त्यांनी सोडली आणि आपल्या हाताने पुन्हा बांधली, इतकी घट्ट की चाळीसगाव येईपर्यंत मला मान वळवता आली नाही.