शेवटच्या पायरीवरच्या सोनवणेबाई

विश्रांतवाडीच्या बागेतल्या खुल्या रंगमंचावर कुणीही आलं, की सोनवणेबाई आधी माइक बंद करायच्या. मग दगडी पायऱ्या चढून सर्वांत वरच्या पायरीवर बसायच्या आणि ओरडायच्या, "बोला आता!" आवाज पोचला की हात वर करायच्या. तोवर माइक मिळत नसे.

बाई महापालिकेच्या नोकर. बाग झाडायच्या, रंगमंचाची किल्लीही त्यांच्याकडेच. पायऱ्यांचा दगड त्यांच्या दिवंगत नवऱ्याने घडवलेला. "मालकांनी असा बसवलाय, की कुजबुजलं तरी वर ऐकू येतंय. कर्णे कशाला?" जयंतीला भीमगीतं गाणाऱ्या पोरींनाही सूट नव्हती. मी हिंजवडीत नोकरीला. रविवारी सकाळी आमच्या नाटकाच्या तालमी तिथे चालत. पहिल्या दिवशी चारदा तेच वाक्य म्हटलं, तरी हात वर होईना. "कंपनीत काय खाणाखुणा करून बोलता का?" बाईंनी वरून विचारलं.

पुढे त्यांचे कान गेले. हे फक्त मला ठाऊक होतं. मी शेजारी बसून मान हलवायचो, मग त्यांचा हात वर जायचा. हा विषय आम्ही कधी काढला नाही. कळलं तर किल्ली काढून घेतील, अशी धास्ती त्यांना होती.

अशात बागेला लागून मोठी सोसायटी झाली. घरटी दोन गाड्या. रंगमंच पाडून वाहनतळ करा, असा अर्ज गेला आणि महापालिकेचे एक साहेब आमच्या तालमीच्या वेळीच पाहणीला आले. "इथे मागे काही ऐकू तरी येतं का?" त्यांनी विचारलं. बाईंनी त्यांना रंगमंचावर उभं केलं आणि मला घेऊन वर आल्या.

"बोला साहेब! कायबी बोला!"

साहेब आपल्या सहायकाकडे वळून हळूच म्हणाले, "ठरलंच आहे. पावसाळ्याआधी पाडून घ्या."

शब्द न् शब्द वर आला. बाई माझ्याकडे बघत होत्या. सवयीने माझी मान हलली आणि बाईंचा हात वर गेला.

"काय म्हणाले?" त्यांनी पहिल्यांदाच विचारलं.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

"इतकं हळू बोलले, तरी आलं ना? मग मालकांच्या कामात खोट नव्हती. पाडू दे."

पाडायला सुरुवात झाली तेव्हा बाई तिथे उभ्या होत्या. मी कंपनीच्या बसमध्ये होतो. रजा शिल्लक असूनही घेतली नाही, याची मला अजून लाज वाटते.