जिन्याची अष्टाक्षरी

फरशीवाल्या मिस्त्रीला सगळे ओळंबा म्हणत. भिंतीवरची तसबीर तसूभर कललेली दिसली, तर या गृहस्थाला घास गोड लागत नसे. तीस वर्षांत त्याने फरश्यांची एक ओळ अपुरी सोडली नव्हती.

त्याची बायको शाळेत साफसफाई करायची. तिने केलेल्या चार ओळी शाळेला आवडल्या. जिन्याच्या अगदी वरच्या भिंतीवर त्या लावायच्या ठरल्या, एका फरशीवर एक अक्षर. मिस्त्रीची छाती अशी फुगली, जणू कविता त्यानेच केली होती.

दप्तराचे ओझे जड
पायऱ्यांचा मोठा गड
एक एक चढत जा
वरून बघ मजा

भाषेच्या बाईंनी बोटांवर मोजलं. "आठ-आठ अक्षरं, अष्टाक्षरी. यमकही झकास. पण शेवटची ओळ सातातच आटोपली की! 'वरून तू बघ मजा' करू या."

"नको," बायको म्हणाली. "आहे तशीच लावा, नाहीतर लावूच नका."

"अगं, एक फरशी कमी पडतेय!" ओळंबा कळवळला. झालं! दोन दिवस घरात चहाचा कप आपटूनच समोर येत होता. मिस्त्रीला वाईट वाटत होतं, पण मोकळी जागा काही डोळ्यांपुढून हलेना.

तिसऱ्या दिवशी तो बाईंच्या 'तू'सकट अक्षरांच्या फरश्यांचं खोकं घेऊन जिना चढू लागला. विरंगुळा म्हणून एका पायरीला एक अक्षर म्हणत निघाला. पहिला टप्पा आठ पायऱ्यांचा, पहिली ओळ संपली. दुसरा तसाच, तिसराही. गडी खूश! चौथ्या टप्प्यावर "व, रू, न, तू, ब, घ, म" झालं आणि जिनाच संपला. 'जा'साठी उचललेला पाय पायरी शोधत धाडकन सपाट जमिनीवर आदळला, खोकं कललं आणि नेमका 'तू' खाली पडून फुटला.

तो खाली मोजत आला. सात, आठ, आठ, आठ पायऱ्या भरल्या. जन्मभर मापं घेणाऱ्या माणसाने हा जिना कधी मोजलाच नव्हता. स्वतःलाच हसत त्याने बाईंना हाक मारली.

बाई कविता मोठ्याने म्हणत दोनदा चढल्या. वर पोचून धापा टाकत म्हणाल्या, "मिस्त्री, सातच लावा. मावशी, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

बायको फडकं पिळत होती. "रोज सगळे इथूनच तर जाता," ती म्हणाली. "मला वाटलं, माहीतच असेल."