आवडाबाईंनी धवला थांबवला

वीस वर्षं मी डोंबिवलीच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतोय, आणि तत्त्वज्ञ म्हणजे काय ते मला परवा मानपाड्याच्या एका मांडवात कळलं! अजून अंगावर काटा आहे. सांगतोच.

माझी विद्यार्थिनी अक्षदा, तिची हळद. सकाळचे अकरा. धवला गायला आवडाबाई. आगरी लग्नात विधी-विधीला धवलारीण हे गाणं म्हणते, तिच्याशिवाय पान हलत नाही. पंचाहत्तरीच्या आवडाबाई जन्मभर मिठागरात राबलेल्या, सही म्हणजे अंगठा. पण प्रश्न विचारायची भारी खोड! देव एवढे नवस लक्षात कसे ठेवतो, मेल्यावर मेलेल्याला कळतं का, काहीही. गाव त्यांना 'डोक्याला ताप' म्हणायचं. मीही हसलोय.

हळद लावण्याआधी त्या दर लग्नात नवरीला विचारायच्या, लग्न मान्य ना? नवरी मान खाली घालायची, बायका हसायच्या, गाणं सुरू. अक्षदानेही मान खाली घातली. या वेळी मात्र आवडाबाई गायल्याच नाहीत.

"पोरी, गप रायली म्हंजे हो, यो कोनी ठरवला?"

अक्षदाचे वडील देवराम लालबुंद. उद्या लग्न, पाचशे माणसांचं आमंत्रण गेलेलं. मी शहाणा पुढे झालो आणि बाईंच्या कानात म्हणालो, आजी, गाणं घ्या, उशीर होतोय. मी! तत्त्वज्ञानाचा मास्तर! सांगताना लाज वाटते.

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. देवराम म्हणाले, गाणार नसाल तर या गावात पुन्हा कोणी बोलावणार नाही. नका बोलावू, म्हणाल्या, आणि अक्षदासमोर मांडी घालून बसल्या.

शेवटी अक्षदा पुटपुटली, "आजी, मला खरंच माहीत नाही."

बाईंचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! त्यांनी लगेच नवरदेवाला, धनेशला, फोन लावायला लावला. स्पीकरवर त्यालाही तोच प्रश्न.

"आजी, मलापण माहीत नाही," तो म्हणाला. "आम्ही दोनदाच भेटलोय, तेही सगळ्यांसमोर."

अक्षदाने फोन ओढून घेतला. "धनेश, अर्ध्या तासात नाक्यावर ये. एकटा ये."

आणि हळदीच्या साडीतच चपला घालून निघाली. देवराम तिला अडवायला उठले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मध्ये उभा राहिलो.