जर्क न देता

माझा तंबोरा साताऱ्याहून मिरजेला दुरुस्तीला नेणारा ड्रायव्हर एरवी दवाखान्याचे पेशंट नेतो. त्यामुळे तंबोराही त्याच्या लेखी पेशंटच. पुढची सीट मागे पाडून तो त्याला घोंगडीवर झोपवतो, पट्टा लावतो आणि मला मागे बसवतो.

त्याचा लाडका शब्द ‘जर्क’. स्पीडब्रेकरला जर्क, गिअर अडकला की जर्क, आणि मेव्हणा न कळवता मुक्कामाला आला तर ‘लय मोठा जर्क’. हे सांगताना तो स्वतः मानसुद्धा सावकाश वळवतो.

या वेळी मला धाकधूक होती. रविवारी माझ्या गाण्याच्या क्लासच्या मुलींचा कार्यक्रम होता आणि तंबोरा हा एकच. पेठनाक्याच्या पुढे उसाचा ट्रॅक्टर अचानक आडवा आला. ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि डावा हात झटकन तंबोऱ्याच्या भोपळ्यावर धरला. माझं कपाळ त्याच्या सीटवर आपटलं.

“लागलं का वं?” त्याने विचारलं.

“हो, लागलं!” मी म्हणाले. पण तो भोपळ्यालाच कान लावून टिचक्या मारत होता.

“अहो, मला टेंगूळ आलंय.”

“येऊ द्या की ताई. टेंगूळ उतरतंय. भोपळ्याची चीर भरून येती व्हय?”

रागाने मी पर्समधून सूचनांची यादी काढली. निघताना त्याला दिलेल्या यादीची एक प्रत मी जवळ ठेवते. पहिली ओळ माझ्याच अक्षरात होती: ‘काहीही झालं तरी आधी भोपळा सांभाळणे.’ खाली आणखी आठ सूचना, सगळ्या तंबोऱ्याच्याच.

मी पेन काढून दहावी लिहिली: ‘जमल्यास मलाही.’