आत्यानं न उघडलेलं कुलूप

चावीवाल्या आत्याच्या दुकानाला पालिकेच्या ऑफिसवाल्यांनी कुलूप ठोकलं, तेव्हा गल्ली पोट धरून हसली. असली कुलपं आत्या बोलता बोलता उघडते. पण ती त्याला शिवली नाही. पायरीवर स्टूल टाकलं आणि तिथंच चाव्या घासायला बसली.

गुन्हा काय, तर पाटी. नव्या कायद्यानं इंग्रजी ही देशाची सरकारी भाषा झाली, म्हणून पाट्याही इंग्रजीतच पाहिजेत, असं ऑफिसनं ठरवलं. आत्याच्या पाटीवर नवऱ्याच्या हातची अक्षरं, आपल्या भाषेतली. तो गेला, अक्षरं राहिली.

"उघड ना गं आत्या," भाची म्हणाली. "कोण बघतंय?"

"मी बघतेय. माझ्याच दुकानात चोरासारखी शिरू? ज्यानं लावलं त्यानं काढायचं."

पाटी बदलली नाही म्हणून आत्यावर खटला झाला. कोर्टात सगळं इंग्रजीत चाललं. आत्याला फक्त स्वतःचं नाव कळलं. तिच्या वकीलबाईंनी कोपर मारलं. "कबूल म्हणा. पाटी बदला, दुकान आजच उघडेल."

"काय कबूल?"

"आता वाचलं ते."

"बाई, गिऱ्हाईक कितीही घाईत असू दे, कुलूप बघितल्याशिवाय मी चावी घासत नाही. आधी मला कळेल असं सांगायला लावा."

वकीलबाई नाइलाजानं उठल्या. बोलता बोलता तापल्या, मग थांबेचनात. सरकारी भाषा म्हणजे सरकारनं आपला कारभार कशात करायचा ते. बाईनं स्वतःच्या दारावर काय लिहायचं, हे त्यात कुठून आलं? आणि आपल्यावरचा आरोप समजून घ्यायचा तिचा हक्क या कायद्यानं पुसला का?

जजसाहेबांनी दुभाषा बोलावला. सगळं ऐकून आत्या म्हणाली, "आता कळलं. नाही कबूल."

प्रश्न वरच्या कोर्टात गेला. तोवर दुकान उघडून द्या, असा हुकूम झाला.

ऑफिसचा माणूस चावी घेऊन आला. कुलूप गंजलेलं, चावी फिरेना. माणूस घामाघूम. गल्ली गोळा झालेली.

"आत्या, तुम्हीच उघडा की. तुमच्या हातचा मळ आहे."

"हात नाही लावणार. हे घे तेल. आणि जोर नको करूस, चावी मोडेल. पुन्हा माझ्याकडंच यावं लागेल."

बऱ्याच खटपटीनंतर कुलूप निघालं.

"घेऊन जा ते," आत्या म्हणाली, "आणि शिडी धर जरा."

वरच्या कोर्टाचा निकाल अजून यायचाय. आत्यानं मात्र त्याच दुपारी नवऱ्याची अक्षरं पुन्हा रंगवली, रस्त्यापलीकडून दिसतील एवढी ठळक.