एकाच पातेल्यातलं दूध

ती पोरगी प्रार्थनेला उभी असतानाच खाली कोसळली. दुसरीतली होती. उचलून मांडीवर घेतलं तर हाताला नुसती हाडं लागली.

"सकाळी काय खाल्लं?"

"चाय," ती म्हणाली. काळा, गुळाचा.

भादव्यात घरातली ज्वारी संपत यायची आणि शेतातली अजून तयार नसायची. त्या दिवसांत पोरं अशीच शाळेत यायची.

उमरखेडकडच्या त्या गावात मी नवी शिक्षिका होते. छप्पन साली आमच्या घरानं बुद्ध धम्म स्वीकारला, आणि त्यानंतर वडिलांनी मला हट्टानं शिकवलं होतं. शाळेत शिक्षक दोनच, मोठे गुरुजी आणि मी. वर्गाच्या कोपऱ्यात सरकारनं मुलांसाठी पाठवलेल्या दुधाच्या भुकटीची पोती महिनाभर पडून होती. एकाला उंदरांनी भोक पाडलं होतं.

"उद्यापासून दूध मी उकळते," मी गुरुजींना म्हणाले.

ते पोत्याच्या भोकाकडे बघत म्हणाले, "बाई, तुमच्या हातचं गाव पिऊ देईल का? मी कोणीतरी पाहतो."

"महिना झाला, तुम्ही पाहताच आहात."

दुसऱ्या दिवशी तीन दगड मांडले, मी राहत होते त्या बौद्ध वस्तीतून मोठं पातेलं आणलं. भुकटी आधी गार पाण्यात कालवली, गुठळ्या मोडल्या, मग उकळी आणून गूळ टाकला. आमच्या वस्तीतली आणि कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे पाड्यावरची मुलं पेले घेऊन आली. बाकीची जागची हलली नाहीत. ती पोरगीही नाही. पण तिची नजर पातेल्यावरून हटत नव्हती.

"आई मले मारन," ती म्हणाली.

संध्याकाळी गावातली दोन माणसं गुरुजींना भेटून गेली. गुरुजी माझ्याकडे आले. "मधला मार्ग काढू. दोन पातेली ठेवू. एक तुमचं, एक गावाचं."

"गुरुजी, दोन पातेली मांडायची असतील तर माझी बदली मागा. मी इथं आहे तोवर चूल एक आणि पातेलं एक."

बोलले खरी, पण घरी माझ्या पगारावर धाकटी भावंडं शिकत होती.

तशीच उठून त्या पोरीच्या घरी गेले. आई कुणब्याची विधवा, दुसऱ्यांच्या कपाशीत निंदायला जायची. तिनं मला आत बोलावलं नाही. मी अंगणातच उभी राहिले.

"पोरगी शाळेत चक्कर येऊन पडली. सांगितलं का तिनं?"

"नाई." भांडी घासणारा तिचा हात थांबला. मग म्हणाली, "तुमी त्या मोहल्ल्यातल्या ना?"

"हो, बौद्ध आहे. दूध सरकारचं आहे, उकळते मी."

"गाव काय म्हनन?"

"गाव म्हणेलच. पण पोरगी उपाशी आहे."

ती भांडी उचलून आत गेली. विषय संपला असं समजून मी परतले.

सकाळी शेतावर जायच्या वेळेला ती शाळेत आली आणि सगळ्यांसमोर चुलीपाशी बसली. "मले द्या आधी," म्हणाली. पेला रिकामा केला आणि लेकीला हाक मारली.

"पे. मले इथं कोनी भाकर आनून देत नाई, त मी कोनाले कायले भेऊ?"

पोरगी घटाघटा प्यायली. तिच्यामागून आणखी दोघं उठली.

याची शिक्षा तिला झाली. दोन घरांनी तिला निंदायला बोलवणं बंद केलं. ती शेजारच्या गावी कामाला जाऊ लागली, पण लेकीचा पेला तिनं बंद केला नाही. मी कधी विषय काढला तर म्हणायची, "तुमी दूध उकळा, बाई." दिवाळीपर्यंत निम्मी शाळा रांगेत आली. काही घरची पोरं मात्र शेवटपर्यंत आली नाहीत.

हिवाळ्यात भुकटी यायची थांबली. मी रजा काढून पंचायत समितीत गेले. कारकून म्हणाला, "अर्ज ठेवून जा."

"उत्तर मिळेपर्यंत बसते."

दुपार टळली तेव्हा साहेबांनी आत बोलावलं. माल गोदामात होता, न्यायला कोणी येत नव्हतं. एक पोतं मी तिथूनच एसटीच्या टपावर चढवून घेतलं. कंडक्टर कुरकुरला, मी ऐकून घेतलं.

फाट्यावर गुरुजी सायकल घेऊन उभे होते. आम्ही दोघांनी पोतं सायकलीवर लादलं आणि ढकलत गावात आणलं. वाटेत ते म्हणाले, "उद्या चूल मी पेटवतो."

पेटवलीही. ते स्वतः मात्र त्या पातेल्यातलं दूध कधी प्यायले नाहीत, आणि मी त्यांना कधी विचारलं नाही. त्या सकाळी चूल पेटल्यावर मी पळी घेतली आणि पहिल्या पोराचा पेला पुढे ओढला.