चार पेडांची वेणी

कोरोना आला त्या वर्षी, मार्चमधल्या एका सोमवारी आमच्या सोसायटीने घरकामाच्या बायकांचं गेटच्या आत येणं बंद केलं.

मी नागपुरात एका वाचनालयात काम करतो. असले न उलगडणारे अनुभव छापून आले की मी पान उलटत आलो आहे. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो... पण आई गेल्यापासून टाळतो आहे, आणि टाळून भागत नाही.

आईला पॅरालिसिस होता. डावा हात उचलता येत नसे. विमलबाई रोज दुपारी येऊन तिचं अंग पुसायची, चार पेडांची वेणी घालायची. मला तीन पेडांचीही येत नाही. बंदी आल्यावर मी आईचे केस नुसते रबरात अडकवायचो.

एप्रिलमध्ये एका दुपारी ताट घेऊन आत गेलो, तर वेणी घातलेली. चार पेडांची — घट्ट.

"कोणी घातली?"

"विमलनं. आणखी कोण?"

"आई, गेट बंद आहे."

"पुस्तकातून डोकं काढशीन तं दिसन नं, बाबू."

भूत वगैरे माझ्या मनातही आलं नाही. संशय आला तो विमलबाईचा. तिच्याकडे आमची किल्ली होती. मी दाराला आतून कडी लावू लागलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा वेणी. कडी लागलेलीच... ती मीच मागाहून लावली असेल, अशी समजूत घातली आणि तिला फोन केला.

"मी तं गावाले, भिवापूरले आहो भाऊ. पायी आलो आम्ही. इथं शाळेत कोंडून ठेवलं."

"मग आईची वेणी कोण घालतं?"

ती हसली. "तुम्हीच शिकले असान!"

त्या हसण्याने माझा संशय पक्का झाला. ही बाई लपून आत येते, असं मी सेक्रेटरींना सांगितलं. जूनमध्ये इतर बायकांना आत यायचे पास मिळाले, तिला नाही. आमच्या इमारतीतली तिची कामाची पाचही घरं गेली.

जुलैत आई झोपेत गेली. विमलबाई भेटायला आली, तर वॉचमनने तिला गेटवरच अडवलं. मी खाली गेलो. तिने डोळे पुसले, मग पिशवीतून कागद काढला — शाळेत चौदा दिवस क्वारंटाइन केल्याचा. वरच्या तारखा पाहिल्या; दोन्ही वेण्या त्याच चौदा दिवसांतल्या होत्या.

"काहून नाव घेतलं माझं, भाऊ?"

"मी विचारलं होतं तुला."

"विचारलं नाही. झडती घेतली."

त्यानंतरही मी त्या शाळेच्या मास्तरांना फोन करून खात्री केली. कागद खरा होता. मग सेक्रेटरींकडे जाऊन चूक कबूल केली. तोवर पाचही घरांनी दुसऱ्या बायका लावल्या होत्या.

वेणी कोणी घातली, मला अजून माहीत नाही. विमलबाई आता भिवापूरलाच असते, मजुरीने मिरच्यांचे देठ तोडते.